चालणारी गाठ

अंडं सोमवारी सकाळी साडेनऊला सापडलं.

भिंगबाईंनी डोळा बाजूला केला, चष्मा रुमालाने पुसला आणि परत सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. अंडं जागेवर होतं. नेहमीच्या जंतांच्या अंड्यांपेक्षा चांगलं दुप्पट मोठं, लांबट, फिक्या चहाच्या रंगाचं, आणि एका टोकाला झाकणाची बारीक रेघ. स्लाइड जरा सरकवली तर दुसरं दिसलं. मग तिसरं.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. लॅबमध्ये ऐकायला कुणी नव्हतं, नुसता फ्रिज घुरघुरत होता.

सव्वीस वर्षं त्या या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त, थुंकी आणि बाकीचं सगळं तपासत आल्या होत्या. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. सगळे त्यांना भिंगबाईच म्हणत, तोंडावरसुद्धा. असलं अंडं त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं, एकदा शिकताना आणि एकदा अकरा वर्षांपूर्वी. यकृतात राहणारा जंत. पानासारखा चपटा, मेंढ्या-गुरांचा पाहुणा, माणसाकडे क्वचितच येतो.

सवयीप्रमाणे त्यांनी वहीत सगळं टिपलं. शौचाचा नमुना बांधलेला, रंग तपकिरी. पाल्याचे तंतू भरपूर. मांसाचे तंतू नाहीत. अंडी तीन. मग डबीवरची चिठ्ठी वाचली.

पुरुष वॉर्ड, खाट पाच.

खाट पाच म्हणजे टेलरमास्तर. भला माणूस, वय बावन्न. हॉस्पिटलच्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांनीच शिवलेले. पाच आठवडे ताप, उजव्या कुशीत दुखणं, वजन उतरलेलं. फोटोत यकृतावर गाठ. सुईने तुकडा काढून पाहिला तर त्यात नुसत्या मेलेल्या पेशी, धड कॅन्सर म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. गुरुवारी सकाळी त्यांचं उजव्या बाजूचं यकृत कापून काढणार होते. दमेकरी माणूस, रक्त कमी, अंगात त्राण नाही. टेबलावरून उठतील का, हे कुणीच छातीठोक सांगत नव्हतं.

आणि ही गाठ नसून जंत असेल, तर दोन दिवसांच्या गोळ्यांनी काम भागणार होतं.

भिंगबाई उठल्या आणि जिन्याने वर निघाल्या. लिफ्टची वाट बघण्याएवढा धीर त्यांच्यात कधीच नव्हता.

सर्जनसाहेब हात धुवत होते. माणूस वाईट नव्हता. हाताला यश होतं, वेळ मात्र कुणासाठीच नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नळ बंद केला.

"बाई, एखाद्याने जंत पडलेली जनावराची कलेजी खाल्ली की अंडी त्याच्या पोटातून नुसता प्रवास करून बाहेर येतात. माणसाला काहीही झालेलं नसतं. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. मी शिकाऊ होतो तेव्हा."

"मी शिकवलं ते मला पाठ आहे," भिंगबाई म्हणाल्या. "आणि त्यांच्या रक्तातले इओसिनोफिल? शंभर पांढऱ्या पेशींत बेचाळीस त्याच. जंत असला की त्या अशाच चढतात."

साहेब म्हणाले, दम्यातही चढतात, आणि मास्तरांना दमा वीस वर्षांचा. शिवाय शेजारच्या खाटेवर कोण आहे ते बाईंनी बघावं. खाट सहावर खाटीक होता, पाय मोडलेला. त्याचा भाऊ रोज दुपारी डबाभर कलेजी घेऊन यायचा. नमुन्यांच्या डब्यांची अदलाबदल या वॉर्डात काही पहिल्यांदा झाली नसती.

"तीन अंड्यांवर मी ऑपरेशन रद्द करू, आणि गाठ कॅन्सरची निघाली, तर त्यांच्या बायकोला उत्तर कोण देणार? तुम्ही की मी?"

साहेबांचंही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शेवटी ठरलं असं: मास्तरांचे अजून दोन दिवसांचे नमुने यायचे होतेच. रक्ताची खास तपासणी मोठ्या लॅबला पाठवायची, पण तिचा निकाल दहा दिवसांनी. बुधवारी संध्याकाळी पाचला गुरुवारची यादी पक्की होते. तोवर बाईंनी ठोस काही आणलं तर बघू.

वॉर्डात मास्तर वेदनाशामकाच्या गुंगीत होते. उशाशी औषधांची रांग: दम्याची फवारणी, तापाच्या गोळ्या, पंधरा दिवसांपासून चालू असलेल्या रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या. खाटेजवळ त्यांची थोरली बहीण चादरीची घडी घालत होती. तिला सगळे आक्का म्हणत. साठीच्या, सडपातळ, हळू बोलणाऱ्या. आई गेली तेव्हा मास्तर पाच वर्षांचे आणि आक्का तेरा वर्षांच्या. त्यांनीच भावाला वाढवलं होतं. रात्री आक्का थांबायच्या, दिवसा मास्तरांची बायको.

भिंगबाईंनी स्टूल ओढलं.

"आक्का, मास्तर कलेजी खातात का? मटण वगैरे?"

"नाही हो. मी नाही, तो नाही. आम्हाला वासानंच मळमळतं."

"घरी पाणी कुठलं?"

"नळाचं. उकळून."

"आणि कच्चं काही? ओढ्याकाठी, पाण्यात उगवणारं काही तोंडात टाकतात का?"

आक्कांनी चादरीची घातलेली घडी उलगडली आणि परत घातली.

"आमच्याकडे सगळं शिजवून खातात," त्या म्हणाल्या. "पण का विचारताय?"

भिंगबाईंनी खरं ते सांगितलं. यकृताचा एक जंत असतो, तो पाण्याकाठच्या कच्च्या पाल्यावरून पोटात जातो, तसं काही असेल तर ऑपरेशन वाचेल. आक्का मान हलवत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की मास्तरांना तहान लागली असेल, आणि पाणी आणायला गेल्या. तांब्या मात्र खाटेजवळ भरलेला होता.

मग भिंगबाई खाट सहाकडे वळल्या. खाटकाचा पाय वजन लावून टांगलेला होता आणि तोंड मोकळं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, मला कूससुद्धा बदलता येत नाही. माझं भांडं सिस्टरच नेतात. माझा माल चोरायला कोण येतंय?" कलेजी खातो हे त्याने कबूल केलं. इथल्या जेवणात हिरवं म्हणाल तर फक्त भिंतीचा रंग आहे, मग माणसाने जगायचं कशावर, असंही त्याने विचारलं. मास्तरांना कधी घास दिला का? एकदा विचारलं होतं, तर त्यांनी नाकाला रुमाल लावला. भिंगबाईंनी त्याचाही नमुना मागून घेतला. तपासला तर मांसाचे तंतू खच्चून भरलेले, अंडं औषधालाही नाही.

मंगळवारी मास्तरांची दुसरी डबी आली. काळीकुट्ट. भिंगबाईंनी सहा स्लाइड पाहिल्या, मग नमुना पाण्यात कालवून, गाळ खाली बसवून आणखी सहा. डोळे दुखायला लागले. एकही अंडं नाही.

त्यांची चिडचिड व्हायला लागली. खरं तर त्या घाबरल्या होत्या, पण घाबरल्या की त्या चिडत. काल तीन अंडी आणि आज शून्य. साहेब हसणार, आणि हसले नाहीत तर कीव करणार. ते त्याहून वाईट.

मग त्यांनी मास्तरांचे फोटो मागवले. हॉस्पिटलचा नवा आणि महिन्यापूर्वी बाहेरच्या दवाखान्यात काढलेला जुना, दोन्ही खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. नव्या फोटोत गाठ यकृताच्या मध्याकडे. जुन्या फोटोत डाग होता खालच्या कडेला, आणि आता तिथे नुसती एक पुसट रेघ, बोगद्यासारखी. साहेबांनी जुन्या फोटोवर शेरा मारला होता: मशीन जुनं, जागा चुकली असावी.

भिंगबाई बराच वेळ त्या काचेसमोर उभ्या राहिल्या. मशीन जुनं असेल, पण एवढी चूक? आणि ती रेघ?

दुपारी मास्तरांची बायको भेटली. वहिनी बोलक्या होत्या, आणि आठ दिवसांत त्यांना धड कुणी काही विचारलंच नव्हतं. घरात माणसं तीन: नवरा, त्या आणि आक्का. आक्का पूर्वी ओढ्याकाठच्या जुन्या घरात एकट्या राहत. दहा आठवड्यांपूर्वी मास्तरच हट्टाने त्यांना घेऊन आले. नणंद-भावजयीचं कसं काय? वहिनी हसल्या. भांड्याला भांडं लागायचंच, पण बाई मनाने चांगली, नवऱ्यावर तर जीव ओवाळून टाकते.

"वहिनी, घरात कच्चं काही खाता का तुम्ही?"

"छे. सगळं शिजवून. म्हणजे, आक्कांचा पाला सोडून."

भिंगबाईंनी पेन खाली ठेवलं.

"कसला पाला?"

"त्यांच्या ओढ्याचा. झऱ्याची ओघळ आहे ना घरामागे, त्यात उगवतो. तिखट लागतो, मोहरीसारखा. आक्का दर आठवड्याला जाऊन जुडी आणतात. पातेल्यात पाणी घालून ठेवायचा, जेवताना तसाच खायचा. भाऊ-बहीण दोघं मिटक्या मारत खातात. ह्यांना लहानपणची चव ना. मला बाई झेपत नाही, जीभ भाजते."

"आत्ता आहे घरात?"

काल सकाळपर्यंत तरी होता, वहिनी म्हणाल्या. भिंगबाईंनी लॅबला कुलूप लावलं आणि दोघी रिक्षाने घरी गेल्या.

घर दोन खोल्यांचं, पुढे शिलाईचं मशीन, त्यावर चादर टाकलेली. आक्का आत झोपल्या होत्या, रात्रीच्या जागरणामुळे. स्वयंपाकघरात खिडकीखाली ते पातेलं होतं. रिकामं. घासून पालथं घातलेलं. वहिनी गोंधळल्या. जुडी अर्धी तरी शिल्लक होती, आणि आक्का कधी अन्न टाकत नाहीत.

भिंगबाईंनी पातेल्यापाशी काही शोधलं नाही. ज्याने ते घासलं होतं त्याने ते मन लावून घासलं होतं. त्या खिडकीकडे वळल्या. पातेलं जिथे असायचं तिथे भिंतीवर पाण्याच्या ओघळाचा डाग होता, आणि डागाच्या वर, टाइलच्या फटीत, नखाएवढी एक गोगलगाय बसली होती. शंख तपकिरी, टोकदार, पातळ. बागेतली नव्हे, पाण्यातली.

त्यांनी ती चिमट्याने उचलून डबीत घातली आणि बाहेर येताना आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आक्का भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. श्वास मात्र झोपलेल्या माणसाचा नव्हता.

रिक्षात वहिनींनी विचारलं, गोगलगायीचं एवढं काय? भिंगबाई म्हणाल्या, उद्या सांगते. उद्या सांगण्यासारखं काही असेल की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पाला कळला, पण मास्तरांच्या दुसऱ्या डबीत अंडं नव्हतं. आणि साहेबांना अंडं हवं होतं.

बुधवारी तिसरी डबी आली. काळी. अंडी नाहीत.

अकरा वाजले होते. पाचला यादी लागणार होती. भिंगबाई वॉर्डात गेल्या आणि सिस्टरकडून मास्तरांचा तक्ता मागून घेतला. ताप, नाडी, लघवी, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं. सोमवारच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. दुपारी दोन वाजता सिस्टरच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: "रुग्णास पाच दिवस शौचास झालेले नाही, सारक दिले."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग सिस्टरना एकच प्रश्न विचारला: रविवारी संध्याकाळी डबी कुणाच्या हातात दिली? सिस्टरना आठवत होतं. त्यांनी बजावलंही होतं की सकाळी नमुना मिळाला नाही तर तपासण्या अपुऱ्या राहतील आणि गुरुवारच्या यादीत नाव जाणार नाही.

साडेतीनला सिस्टरच्या खोलीत चौघं बसले. साहेब घड्याळ बघत होते. वहिनी खुर्चीच्या टोकावर. आक्कांना भिंगबाईंनी मुद्दाम घरून बोलावून घेतलं होतं, आणि त्या दाराजवळच्या बाकावर हात मांडीत धरून बसल्या होत्या.

"साहेब, तीन डब्या आल्या," भिंगबाई म्हणाल्या. "दोन काळ्या, एक तपकिरी. मास्तर पंधरा दिवस लोहाच्या गोळ्या खातायत. लोह खाणाऱ्याचा नमुना काळा येतो, हे नवा शिकाऊसुद्धा सांगेल. मग सोमवारचा तपकिरी कसा? मी तो रंग वहीत लिहिला आणि त्यावर विचार केला नाही. ही चूक माझी."

साहेबांनी घड्याळावरची नजर काढली.

"त्यात पाल्याचे तंतू होते. मास्तर नऊ दिवस हॉस्पिटलचं जेवतायत, त्यात हिरवं पान नाही. मांसाचे तंतू नव्हते, म्हणजे खाटीकही नाही. आणि हा तक्ता. सोमवारी दुपारी मास्तरांना पाच दिवसांत एकदाही झालेलं नव्हतं. मग सोमवारी पहाटे ती डबी भरली कुणी?"

वहिनींनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग हळूहळू आक्कांकडे.

"असा माणूस," भिंगबाई पुढे म्हणाल्या, "जो त्या पहाटे खाटेजवळ होता, लोह घेत नाही, मांस खात नाही, आणि रोज कच्चा पाला खातो. आक्का, डबी तुम्ही भरलीत."

आक्कांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी खाली बघूनच सांगितलं. भाऊ पहाटे दोनदा बसून आला, काही होईना, कळवळत होता, लाजत होता. सिस्टर म्हणाल्या होत्या, नमुना नाही तर यादीत नाव नाही. तारीख चुकली आणि तेवढ्यात गाठ वाढली तर? म्हणून.

"मला वाटलं, घरचंच आहे," त्या म्हणाल्या. "एका रक्ताची माणसं, एका ताटात जेवणारी. त्याचं काय आणि माझं काय."

वहिनींनी कपाळावर हात मारला. साहेब मात्र खुर्चीत सरळ झाले होते.

"म्हणजे अंडी ह्यांची. मग तर मास्तरांकडे जंताचा पुरावाच उरला नाही."

"उलट, साहेब. आता मिळाला. आक्का, तुम्ही त्या ओढ्याचा पाला किती वर्षं खाताय?"

"पाच-सहा. त्या घरात राहायला गेले तेव्हापासून."

"उजव्या कुशीत दुखतं?"

"अधूनमधून. पित्ताचं आहे ते."

"ते पित्ताचं नाही. ओघळीवर मेंढ्या पाणी प्यायला येतात. त्यांच्या लेंड्यांतली अंडी पाण्यात, पाण्यातून गोगलगायीत, गोगलगायीतून पाल्यावर, आणि पाल्यावरून तुमच्या पोटात. ही गोगलगाय तुमच्या खिडकीत मिळाली." त्यांनी डबी टेबलावर ठेवली. "तुमच्यातले जंत मोठे झाले, पित्ताच्या नळीत बसले, अंडी घालायला लागले. त्याला तीन-चार महिने लागतात. मास्तरांनी त्या ओढ्याचा पाला खायला सुरुवात करून झाले फक्त दहा आठवडे. त्यांच्यातले जंत अजून पोरवयातले. ते अंडी घालत नाहीत, ते यकृत पोखरत हिंडतात. म्हणून ताप, म्हणून रक्तात त्या पेशी बेचाळीस टक्के. त्यांच्या डबीत अंडं सापडणारच नव्हतं, सापडलं असतं तर मीच खोटं म्हटलं असतं."

मग त्यांनी दोन्ही फोटो साहेबांसमोर ठेवले आणि जुन्या डागावरून नव्या डागापर्यंत त्या पुसट रेघेवरून बोट फिरवलं.

"मशीन चुकलं नव्हतं. महिन्यापूर्वी डाग इथे होता, आता इथे आहे. साहेब, कॅन्सरची गाठ वाढते, पसरते. चालत नाही."

साहेबांनी फोटो उचलून खिडकीशी नेले. मग ते पाठमोरेच म्हणाले, "मला ह्यांचा आजचा नमुना हवा. माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

आक्का उठल्या. डबी घेऊन बाहेर गेल्या.

पावणेपाचला सर्जनसाहेब लॅबच्या स्टुलावर बसून नळीला डोळा लावून होते. भिंगबाई शेजारी उभ्या राहून त्यांना स्लाइड डावीकडे सरकवायला सांगत होत्या, शिकाऊ असताना सांगायच्या तशाच आवाजात. साहेब एकदम थांबले. खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, यादी मागवली आणि खाट पाचवर काट मारली. गोळ्या आज सुरू करायच्या, दोन आठवडे थांबायचं, ताप उतरला नाही तर पुन्हा विचार करायचा. दोघांनाही गोळ्या, भावालाही आणि बहिणीलाही.

व्हरांड्यात आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. भिंगबाई रागावलेल्या होत्या आणि तो राग त्यांनी लपवला नाही.

"डबीचं मी समजू शकते. भाबडेपणा म्हणते. पण सोमवारी मी तोंडावर पाल्याचं विचारलं, तेव्हा तुम्ही कानावर हात ठेवलेत. घरी जाऊन जुडी फेकलीत, पातेलं घासलंत. तुम्हाला कळलं होतं, आक्का. उद्या त्यांचं पोट फाडणार होते आणि तुम्ही गप्प होतात. का?"

आक्का रडत होत्या, आवाज न करता.

"वाटलं, तुम्ही जंत शोधलाय, औषध आपोआप मिळेल. पाल्याचं कशाला कळायला हवं? आजार माझ्या हातून त्याच्या पोटात गेला हे त्याला कळलं, तर तो पुन्हा माझ्या हातचं खाणार नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्याला सांगू नका हो."

"सांगावं लागेल. नाहीतर घरी जाऊन पुन्हा तोच पाला मागतील."

भिंगबाईंना आणखी बरंच बोलायचं होतं. त्या म्हाताऱ्या बाईचे खांदे बघून त्यांना बोलवेना. त्यांनी आक्कांच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी दिली आणि लॅबमध्ये परत गेल्या.

मास्तरांना वहिनींनीच सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आक्का त्या दिवसापासून वॉर्डात आल्या नाहीत. घरातही त्यांनी चुलीला हात लावला नाही. भाजी चिरून ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या.

पाचव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी मोठ्या लॅबचा निकाल आला: मास्तरांच्या रक्तात जंताविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर. चौदाव्या दिवशीच्या फोटोत डाग निम्मा झाला होता. साहेबांनी तो फोटो स्वतः लॅबमध्ये आणून भिंगबाईंच्या टेबलावर ठेवला आणि गेले. त्यांच्या मानाने हे पुष्कळ होतं.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी भिंगबाई शेवटचं रक्त घ्यायला वॉर्डात गेल्या. वहिनी आक्कांना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या होत्या. आक्का खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या, मान खाली. वहिनींनी डबा उघडला, मऊ भात कालवला आणि ताट मास्तरांसमोर ठेवलं. मास्तरांनी ते बहिणीकडे सरकवलं.

"तू भरव."

आक्कांनी मान हलवली. "माझ्या हातचं नको. तुझी बायको आहे ना."

"पाच वर्षांचा होतो तेव्हापासून तुझ्या हातचं खातोय," मास्तर म्हणाले. आवाज अजून अशक्त होता. "एकदा बाधलं. म्हणून काय आता जन्मभर उपाशी बसू?"

भिंगबाई सुई हातात धरून दारातच थांबल्या.

आक्का कोपऱ्यातल्या बेसिनशी गेल्या. साबण लावून हात धुतले, मग पुन्हा धुतले. खाटेशी येऊन बसल्या आणि पहिला घास भावाच्या तोंडात घातला.